'सासूच्या जिभे'ची कुळकथा

यंदाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाचे वाण म्हणून काय द्यावे, यावर कार्यकारिणीच्या बैठकीत पुष्कळ खल झाला. डबे झाले, पिशव्या झाल्या; वाट्या तर इतक्यांदा झाल्या, की कित्येकींच्या मांडणीवर मंडळाच्याच वाट्यांची ओळ लागली आहे. शेवटी एका तरुण भगिनीने सुचविले, की या वेळी प्रत्येकीला एक लहानशी कुंडी द्यावी. आणि तीत असे झाड असावे, की जे ब्लॉकातल्या कमी उजेडाच्या खोलीतही तग धरील आणि घरची मंडळी पंधरा दिवस गावाला गेली तरी रुसून बसणार नाही. असे झाड कोणते, हे कोणाला सांगावे लागले नाही. तलवारीच्या पात्यांसारखी सरळ उभी, जाड, गर्द हिरवी पाने. त्यांवर सापाच्या अंगावर असतात तसे आडवे फिके पट्टे. आणि काही जातींत पानाच्या दोन्ही कडांना पिवळी किनार. इंग्रजीत त्याला 'स्नेक प्लांट' म्हणतात आणि दुसरे एक नाव आहे 'मदर-इन-लॉज टंग', म्हणजे सासूची जीभ!

कुंडीवर नावाची चिठ्ठी लावावयाची ठरली आणि तेथेच घोडे अडले. आमच्यातल्या सर्वांत वडील आजी म्हणाल्या, "अहो, मी स्वतः सासू आहे आणि माझी सासूही मी पुरती पाहिली आहे. हळदीकुंकवाला येऊन वाण म्हणून जीभ घेऊन जायला मी तयार नाही." हशा ओसरल्यावर एक काकू म्हणाल्या, "मग 'प्राणवायूचे झाड' लिहू या. रोपवाटिकेतले लोक तसेच सांगतात. रात्रीसुद्धा प्राणवायू सोडते म्हणे." यावर कोपऱ्यात बसलेल्या एक भगिनी हळूच म्हणाल्या, "माझ्या नातवाला दमा आहे. त्याच्या खोलीत मी या झाडाच्या सहा कुंड्या ठेवल्या आहेत आणि रात्री खिडकी लावून घेते. हे खरे आहे ना?"

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. 'तुम्हाला वाचनाची आवड आहे, तुम्हीच शोधून काढा आणि स्मरणिकेत लिहा,' असे म्हणून ते काम माझ्या गळ्यात घालण्यात आले. चिठ्ठीवर काय लिहावयाचे, एवढाच प्रश्न होता. पण त्याचा माग काढता काढता मी बंगालच्या वनस्पती-उद्यानापासून काँगोच्या अरण्यापर्यंत फिरून आले. ती हकीकत भगिनींपुढे ठेवते.

आपण कुंडीत लावतो ती जात मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या उष्ण प्रदेशातली. परंतु तिची एक सख्खी चुलत बहीण आपल्याच देशाची आहे. पूर्व किनाऱ्यावर, ज्याला पूर्वी कोरोमंडल किनारा म्हणत, तेथे झुडपांच्या सावलीत ती आपोआप वाढते. तिची पाने अरुंद आणि पन्हळीसारखी खोलगट असतात. घरात ठेवण्याइतकी ती दिसायला ऐटदार नाही. पण तिच्या पानांत जे लपलेले आहे, त्याने तिला मोठा मान मिळवून दिला. ते म्हणजे वाख! पानाचा गर काढून टाकला, की आत पांढरे, रेशमासारखे मऊ आणि फार चिवट धागे सापडतात.

आपल्या जुन्या ग्रंथांत 'मूर्वा' नावाची एक वनस्पती येते. तिच्या धाग्यांची धनुष्याची दोरी करीत, म्हणून संस्कृतात धनुष्याच्या दोरीला 'मौर्वी' असेच नाव पडले. मनुस्मृतीत मुंजीच्या मेखलेचा विधी सांगितला आहे. त्यात ब्राह्मण बटूला मुंज गवताची, वैश्याला तागाची आणि क्षत्रियाला मूर्वेच्या दोरीची मेखला सांगितली आहे. आपण 'मुंज' हा शब्द रोज उच्चारतो, पण तो मुळात एका गवताचा आहे हे विसरून गेलो आहोत. तशीच मूर्वाही विसरलो.

ही मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयी मात्र वैद्यांत एकमत नाही. महाराष्ट्रात मोरवेलीला मूर्वा म्हणतात, दक्षिणेत आणखी वेगळ्याच वेलींना. बंगालमध्ये मात्र मूर्वा म्हणजे ही तलवारीच्या पानांचीच वनस्पती मानण्याची रीत होती. कलकत्त्यास न्यायाधीश असलेले आणि संस्कृतचे नामांकित अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी भारतीय वनस्पतींवर टिपणे लिहिली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी मूर्वा ती हीच असे मानून धनुष्याच्या दोरीची आणि मनूच्या मेखलेची गोष्ट नोंदविली आहे. इंग्रजीत या कुळाला 'बोस्ट्रिंग हेंप', म्हणजे धनुष्याच्या दोरीचा ताग, असे नाव आहे.

त्याच सुमारास विल्यम रॉक्सबर्ग नावाचे स्कॉटिश वैद्य कोरोमंडल किनाऱ्यावर वनस्पतींचा अभ्यास करीत होते. १७९३ साली ते कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख झाले. ही वनस्पती त्यांनी नुसती चितारून ठेवली नाही, तर तिचा वाख कसा काढतात तेही बारकाईने पाहिले. गुळगुळीत फळी तिरपी ठेवावयाची, तिच्यावर पान पसरावयाचे, पानाचे टोक पायाच्या अंगठ्याने दाबून धरावयाचे आणि दोन्ही हातांत पातळ, टणक काठी धरून गर झरझर खरवडून टाकावयाचा. हे वर्णन वाचताना मला आमच्या आजोळी अंबाडीचा वाख सोलणाऱ्या बाया आठवल्या. साहेबाच्या ग्रंथात ज्यांच्या हातांची आणि पायाच्या अंगठ्याची नोंद झाली, त्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. विद्या त्यांची, नाव दुसऱ्याचे, असा प्रकार या झाडाच्या इतिहासात वरचेवर आढळतो.

नावाचाच विषय निघाला म्हणून सांगते. या झाडाइतकी नावे क्वचितच कोणी बदलली असतील. सासरी आल्यावर आपले एकदाच बदलत असे! वनस्पतिशास्त्राचा आद्य वर्गीकरणकार लिनीअस याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात या जातीच्या झाडांना कोरफडीच्या गोत्रात घातले होते. जाड, रसाळ पाने पाहून कोणालाही तसेच वाटेल. पुढे १७८७ साली इटलीतील नेपल्सच्या पेटान्या नावाच्या शास्त्रज्ञाने आपला आश्रयदाता सान्सेव्हेरिनो याच्या नावावरून या कुळाला नवे नाव दिले. सात वर्षांनी स्वीडनच्या थुनबेर्ग याने त्या नावाच्या अक्षरांत थोडा फरक करून 'सॅन्सेव्हिएरिया' केले. हा फरक त्याने का केला, याचे कारण त्याने सांगितले नाही. नेपल्सजवळच सान्सेव्हेरोचा राजपुत्र म्हणून एक विक्षिप्त, विद्वान सरदार होऊन गेला होता. त्याच्या नावाशी या नावाची सरमिसळ झाली असावी, असा तर्क करतात. एवढे खरे, की आफ्रिकेच्या आणि हिंदुस्थानच्या या झाडाला ज्यांनी कधी खांद्यावर दोरीचे भेंडोळेही वाहिले नसेल, अशा इटालियन अमीर-उमरावांचे नाव चिकटले.

आपल्या कुंडीतल्या आफ्रिकन जातीचे शास्त्रीय बारसे मात्र आपल्याच देशात लिहिलेल्या ग्रंथात झाले, ही गोष्ट मला फार गमतीची वाटली. कलकत्त्याच्या उद्यानाचे त्या वेळचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी १९०३ साली 'बेंगॉल प्लॅंट्स' हा बंगालच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी या जातीला 'ट्रायफॅसिआटा', म्हणजे साधारणपणे 'तीन पट्ट्यांची', असे नाव दिले. आणि एवढ्यावरही नावांची कथा संपली नाही. अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून असे दिसून आले, की ही झाडे 'ड्रॅसिना' या कुळापासून वेगळी काढता येत नाहीत. म्हणून २०१७ पासून शास्त्रज्ञ तिला ड्रॅसिना म्हणू लागले. रोपवाटिकेत जुने नाव चालते, ग्रंथात नवे. आणि सगळ्यांत मोठ्या घराण्याचे नाव विचाराल, तर ते शतावरीचे! म्हणजे ज्या शतावरीचा कल्प बाळंतिणीला देतात, तिचे आणि या तलवारबाईचे मोठे घराणे एकच.

आता हे अरण्यातले, वाखाचे झाड घराच्या दिवाणखान्यात कसे शिरले ते पाहू. आपल्याकडे झाडे अंगणात, परसात असत. तुळस वृंदावनात, जास्वंद कुंपणाला, कोरफड परसातल्या कोपऱ्यात. खोलीच्या आत झाड ठेवण्याची हौस मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची. परंतु तेथील घरे दगडी कोळशाच्या धुराने आणि गॅसच्या दिव्यांच्या वाफांनी कोंदलेली, हिवाळ्यात खिडक्या बंद, उजेड जेमतेम. नाजूक झाडे त्यात तडकाफडकी मरत. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ च्या सुमारास योगायोगाने असे आढळले, की बंद काचेच्या भांड्यात ओल्या मातीवर नेचा कित्येक दिवस आपोआप जगतो. त्यावरून त्यांनी काचेची बंद पेटी बनविली. अशा पेट्यांतून जिवंत रोपे समुद्रपार नेणे सोपे झाले. चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आली तीही अशाच पेट्यांतून. देशोदेशींची झाडे इकडून तिकडे गेली, आणि ज्यांना पेटीबाहेर, धुरात आणि अंधारातही जगता आले ती घरोघर टिकली. आपले झाड अशा टिकणाऱ्यांपैकी पहिल्या पंक्तीचे होय.

पिवळ्या किनारीची जी जात आपण अधिक पैसे देऊन घेतो, तिचे नाव 'लॉरेन्ती'. बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल लॉराँ यांच्यावरून ते पडले. ते काँगोत वनस्पती गोळा करीत फिरत आणि १९०४ साली तेथून परतताना समुद्रप्रवासातच वारले. त्या काळचा काँगो म्हणजे बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता. १८८५ ते १९०८ पर्यंत त्या देशातल्या माणसांना रबर गोळा करण्यास जबरदस्तीने जुंपले जाई. ठरल्याइतके रबर आणले नाही तर फटके, ओलीस धरलेल्या बायकामुले, तोडलेले हात, अशा भयंकर हकीकती पुढे जगापुढे आल्या आणि अखेर राजाला तो प्रदेश सोडावा लागला. ज्या वाटांनी रबराची ओझी किनाऱ्याकडे आली, त्याच देशातून सोनेरी किनारीचे हे देखणे पानही युरोपच्या बैठकीत आले. यात झाडाचा काय दोष? काहीच नाही. परंतु दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूलाही मागे घर असते, आणि त्या घरावर काय बेतले होते हे जाणून घ्यावे, असे मला वाटले म्हणून लिहिले.

पुढची कथा अमेरिकेतली. १९३९ साली न्यू ऑर्लिन्स येथील एका रोपवाटिकेत उंच पानांच्या झाडांत एक बुटके पोर निघाले. त्याची पाने उभी न वाढता पक्ष्याच्या घरट्यासारखी गोल पसरली. त्याचे वेगळेपण एकाच्या लक्षात आले, आणि १९४१ मध्ये दुसऱ्याच्या नावाने त्याचे पेटंट निघाले. टेबलावर ठेवतात ती बुटकी जात तीच. त्याच सुमारास दुसरे महायुद्ध भडकले. फिलिपाइन्स बेटे जपानने घेतल्यामुळे जहाजांच्या दोरांना लागणारा मनिला हेंप मिळेनासा झाला, तेव्हा अमेरिकेने फ्लोरिडात याच कुळातील झाडांच्या वाखाचे प्रयोग सुरू केले. म्हणजे दिवाणखान्यात रमलेल्या या बाईला अडीअडचणीच्या वेळी पुन्हा दोरीच्या कामाची आठवण करून देण्यात आली. पुढे नायलॉनचे दोर आले आणि ती कायमची शोभेची झाली.

आता त्या 'जिभे'कडे वळते. निरनिराळ्या देशांतील लोकांनी या झाडाला काय म्हटले ते पाहिले, तर माणसांच्या मनाची मोठी गंमत कळते. चिनी लोक याला वाघाच्या शेपटीची उपमा देतात, जपानीही तीच. तुर्कस्तानात ही 'पाशाची तलवार' आहे. ब्राझीलमध्ये 'संत जॉर्जची तलवार' म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी तेथे आपला लोखंडाचा आणि युद्धाचा देव ओगुन जपून ठेवला. पुढे त्याची आणि संत जॉर्जची सांगड घातली गेली. आजही तेथे घराच्या दाराशी हे झाड लावतात ते दृष्ट लागू नये, घराचे रक्षण व्हावे म्हणून. आपण उंबऱ्याशी लिंबू-मिरची बांधतो, कोरफड उलटी टांगतो, त्यातलाच प्रकार. एकाच पानात कोणाला वाघ दिसला, कोणाला तलवार, कोणाला देव. आणि इंग्रज, स्पॅनिश, इटालियन लोकांना काय दिसले? सासूची जीभ! पान लांब, टोकाला धारदार, आणि काही केल्या मरत नाही, एवढाच त्यातला विनोद.

हा विनोद ज्याने केला तो बहुधा जावई असावा. पण आपल्यातल्या प्रत्येक सुनेने तो हसून पुढे चालविला आणि सासू झाल्यावर तोच तिच्या वाट्याला आला. आमच्या आजींचा आक्षेप मला आरंभी थट्टेचा वाटला होता. आता तो रास्त वाटतो. जी घरात कमी उजेडाच्या कोपऱ्यात उभी राहते, कोणी पाणी घातले न घातले तरी तक्रार करीत नाही, आणि वर्षानुवर्षे घराला आधार देते, तिला एकदा सासूची उपमा द्यावयाचीच असेल तर ती जिभेवरून का द्यावी?

आता राहिला प्राणवायू, आणि त्या नातवाची खोली. येथे मला फार काळजीपूर्वक लिहावयाचे आहे, कारण हा थट्टेचा विषय नाही.

या झाडाची एक करामत खरी आहे. बहुतेक झाडे पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात. ही मात्र पाणी वाचविण्यासाठी ती रात्री उघडते. रात्री कार्बन डायऑक्साइड वायू आत घेऊन तो आम्लाच्या रूपाने पानात साठवून ठेवते, आणि दिवसा छिद्रे मिटून घेऊन त्या साठ्यातून उन्हाच्या मदतीने आपले अन्न शिजविते. या करामतीचा पहिला सुगावा लागला तोही हिंदुस्थानात आणि तोही जिभेनेच! दक्षिणेत वनस्पतींचा अभ्यास करणारे बेंजामिन हाइने यांनी आपल्या ओळखीच्या पानफुटीचे पान सकाळी चाखले तर ते चांगले आंबट लागले. दुपारी बेचव, आणि सायंकाळी किंचित कडवट. त्यांचे हे निरीक्षण १८१५ साली छापले गेले. रात्री साठलेले आम्ल दिवसा खर्ची पडते, हा त्याचा अर्थ पुढच्या शास्त्रज्ञांनी उलगडला.

परंतु यावरून 'हे झाड रात्री प्राणवायू सोडते' असे जे सांगतात, ते बरोबर नाही. रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेते इतकेच. प्राणवायू तयार होण्यास प्रकाश लागतो, आणि रात्री प्रकाश नसतो. शिवाय एका कुंडीने देवघेव केलेला वायू माणसाच्या श्वासाच्या हिशेबात अगदीच नगण्य होय.

दुसरा दावा हवा शुद्ध करण्याचा. त्याचे मूळ १९८९ सालच्या एका अहवालात आहे. अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेसाठी डॉ. वोल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान, पारदर्शक, हवाबंद पेट्यांत झाडे ठेवून त्यांत काही विषारी वाफा सोडल्या आणि त्या किती कमी झाल्या ते मोजले. आपले पिवळ्या किनारीचे झाड त्यांत होते, आणि वाफा कमी झाल्याही. प्रयोग खरा होता. पण तो पेटीतला होता, घरातला नव्हता. घरात दारे-खिडक्यांच्या फटींतून हवा सतत बदलत असते. २०१९ साली फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठातील दोघा संशोधकांनी तोवरच्या अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. त्यात असे निघाले, की नेहमीच्या हवापालटाने जेवढी शुद्धी आपोआप होते, तेवढी झाडांकडून करून घ्यावयाची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे लागतील. दहा फूट बाय बारा फुटांची खोली सुमारे अकरा चौरस मीटरची. म्हणजे अगदी कमीत कमी धरल्या तरी तीत एकशे दहा कुंड्या झाल्या! मग नातवाला झोपवावयाचे कोठे?

हे सारे मी त्या भगिनींना घरी जाऊन सांगितले. सांगताना संकोच वाटला, कारण त्यांनी त्या सहा कुंड्या मोठ्या आशेने आणल्या होत्या. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी खिडकी लावून घेत होते ते चुकलेच." त्यांनी डॉक्टरांना विचारले. डॉक्टरांनी सांगितले, की खोलीत हवा खेळती ठेवावी. बाहेर धूर किंवा धूळ फार असेल तेवढ्या वेळेपुरती खिडकी लावावी. औषध आणि फवारा नियमाने चालू ठेवावा. आणि कुंड्यांतली माती सतत ओली राहून तिला बुरशी येऊ देऊ नये, कारण बुरशीने दमा बळावतो. सहापैकी पाच कुंड्या त्यांनी जिन्यात मांडल्या. एक नातवाने हट्टाने ठेवून घेतली. तिला तो 'माझी तलवार' म्हणतो.

आता झाडाची निगा कशी राखावी हे थोडक्यात सांगते, कारण वाण घरी नेल्यावर ते मारून टाकले तर मंडळाचे नाव जावयाचे. हे झाड उपाशी मरत नाही, लाडाने मरते. माझे पहिले झाड मी स्वतःच मारले. तुळशीला घालते तसे रोज गडवाभर पाणी याही कुंडीत घालीत असे. श्रावणात एके दिवशी पान हाताला लागले आणि मुळापासून निसटून हातातच आले. खाली सगळे कुजून चिखल झाला होता. तेव्हापासून नियम केला, की बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. माती आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी, पावसाळ्यात आणि थंडीत तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरते. पाणी मातीत घालावे, पानांच्या मधल्या खोबणीत साठू देऊ नये. कुंडीच्या बुडाला भोक असावे, त्यावर खापरी ठेवावी, आणि बागेच्या मातीत निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळावा. ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे.

उजेडाविषयी एक गैरसमज आहे. अंधारात हे झाड तग धरते, पण वाढत नाही. खिडकीजवळच्या उजेडात ठेवले तर नवी पाने फुटतात आणि पट्टे ठसठशीत उमटतात. रुंद पानांवर धूळ बसते; ती आठ-पंधरा दिवसांनी ओल्या फडक्याने पुसावी. पाने चावली तर पोटात मळमळते, उलटी होते. म्हणून रांगते मूल किंवा मांजर-कुत्रे घरात असल्यास कुंडी त्यांच्या तोंडाशी येणार नाही अशी ठेवावी. झाड दाटून कुंडी तडकू लागली, की समजावे ते सुखात आहे. कधी कधी अशा दाटलेल्या झाडाला पांढरट हिरव्या फुलांचा तुराही येतो, आणि रात्री त्याचा मंद वास सुटतो.

शेवटी रोप वाढविण्याची गोष्ट. पानाचा बोटभर तुकडा कापून, दोन-तीन दिवस वाळू देऊन, खालची बाजू खालीच ठेवून वाळूत खोचला तर दोन-तीन महिन्यांत त्याला मुळे फुटतात. पण पिवळ्या किनारीच्या पानाचा तुकडा लावला तर येणारे पोर नुसते हिरवे निघते. किनार नाहीशी होते. किनारीचा पिवळा भाग आणि आतला हिरवा भाग वेगळ्या पेशींचे असतात आणि तुकड्यातून नवा कोंब फुटतो तो आतल्या हिरव्या पेशींतून. किनार हवी असेल तर केळीला येतात तसे जमिनीखालून येणारे मुनवे मुळांसकट वेगळे करून लावावे लागतात. आमच्या आजींनी हे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे तुकडा तोडून नेला तर नुसते झाड मिळते, सोन्याची किनार हवी तर मुळासकट यायला हवे." मी ते वाक्य लगेच टिपून ठेवले.

तर भगिनींनो, चिठ्ठीचा निकाल असा लागला. 'सासूची जीभ' लिहावयाचे नाही. 'प्राणवायूचे झाड' हेही लिहावयाचे नाही, कारण मंडळाच्या वाणावर खोटे आश्वासन नको. वर्धापनदिनी तुमच्या हाती जी कुंडी येईल, तिच्यावर आजींच्या वळणदार अक्षरात एवढेच असेल : 'धनुष्याच्या दोरीच्या घराण्यातले झाड. पाणी बेताने. खिडकी उघडी ठेवा.'

कुंड्या सत्तर लागणार आहेत. ज्यांच्याकडे मुनवे फुटलेली जुनी झाडे असतील, त्यांनी ते मुळांसकट काढून मंडळात आणून द्यावेत, अशी विनंती आहे. त्या भगिनींनी जिन्यातल्या पाच कुंड्यांतून अकरा मुनवे आधीच आणून दिले आहेत.